रानभाज्या आणि अळंबी गोळा करायला शिकायचंय तर आधी एकच बांध धर

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तू राहायला कोल्हापुरात, काम कॉम्प्युटरपुढं बसून, गेल्या ऑगस्टमध्ये रानभाज्या महोत्सवात भारंगीची भाजी खाल्लीस आणि तेव्हापासून आपण पण रानात जाऊन गोळा करायचं हे डोक्यात बसलंय, बायको म्हणते गप कपिलतीर्थ मार्केटातनं आण, आणि काल मसाई पठाराकडं फिरायला गेल्यावर गवतात ताटलीएवढ्या पांढऱ्या छत्र्या दिसल्या त्या पिशवीत घालून आणल्यास, मोबाईलमधल्या अॅपनं सांगितलं खायची आहे, आता त्या फ्रिजमध्ये आहेत. तू विचारतोयस खाऊ का, आणि हे सगळं शिकायला सुरुवात कुठनं करू.

पहिल्याचं उत्तर, नको खाऊस. फोटो बघून मला त्या विषारीच आहेत असं सांगता येत नाही, आणि खाण्याजोग्या आहेत असं तर अजिबातच सांगता येत नाही, तेवढंच कारण पुरे आहे. तू फोटो काढलायस वरनं. छत्रीचा वरनं काढलेला फोटो दाखवून ओळख सांगा म्हणणं म्हणजे हेल्मेट घातलेला माणूस दाखवून कुणाचा पोरगा सांगा म्हटल्यासारखं आहे. खालचे पडदे कसे आहेत, देठाला बांगडी आहे का, बुडाला वाटी आहे का, मुळाशी काय आहे, हे सगळं तू उपटताना मोडून तिथंच टाकून आलास. अॅपला पण तेवढंच दिसलं जेवढं मला दिसतंय, फक्त त्याला गप्प बसता येत नाही, म्हणून त्यानं एक नाव सांगून टाकलं.

माझी ओळख म्हणशील तर शिक्षण म्हणून काही सांगण्यासारखं नाही. गाव शाहूवाडी तालुक्यात, आंबा घाटाच्या अलीकडं. आई आणि आत्ती पावसाळाभर रानात असायच्या, त्यांच्या मागनं पाटी घेऊन हिंडलो ती शाळा. पुढं खता-औषधाचं दुकान टाकलं, वीस वर्षं तणनाशकं विकली, म्हणजे जी भाजी आई खुडायची तीच मारायचं औषध मी बाटलीनं विकत होतो. हे आत्ताच सांगितलेलं बरं, पुढं त्याचा संबंध येणाराय.

आता त्या छत्र्या टाकायच्या आधी त्यांच्याकडनं एक काम करून घे. हात लावल्यानं काही होत नाही, नंतर साबणानं धुतले की झालं. एक चांगली उमललेली छत्री घे, देठ कापून टाक, अर्धा पांढरा अर्धा काळा असा कागद कर, म्हणजे पोराच्या चित्रकलेच्या वहीतला काळा कागद पांढऱ्याला चिकटवला तरी चालतंय, त्यावर ती छत्री पडदे खाली करून दोन्ही रंगांवर येईल अशी ठेव आणि वर स्टीलची वाटी पालथी घाल. रात्रभर तसंच. सकाळी वाटी आणि छत्री उचललीस की कागदावर पडद्यांची नक्षी उमटलेली असते, ही बीजाणूंची पूड, तिचा रंग बघायचा. हिरवट राखाडी आली तर समज की तुझ्याकडं जी आलीय ती आपल्याकडं गवतात, उकिरड्याकडेला, शाळेच्या मैदानात पावसानंतर सगळ्यात जास्त दिसणारी विषारी छत्री आहे, क्लोरोफायलम तिचं नाव. पोरवयात तिचे पडदे पांढरेशुभ्रच असतात, मग हळूहळू हिरवट होतात, त्यामुळं कळी आणली की माणूस फसतोच. आणि पांढरी पूड आली म्हणून ती चांगली असं समजू नको, लिव्हर सडवणाऱ्या अमॅनिटा नावाच्या छत्र्यांची पूड पण पांढरीच असते. हा कागद नाव खोडायला उपयोगी आहे, परवानगी द्यायला नव्हं.

ह्या क्लोरोफायलमची चव मला माहीत आहे. पंचवीस एक वर्षं झाली असतील, आई गेल्यानंतरचा दुसरा पावसाळा, गोठ्यामागच्या उकिरड्याच्या कडेला टपोऱ्या पांढऱ्या छत्र्या आल्या होत्या आणि मला वाटलं आता घरात अळंबीतलं कळणारा मीच. चव झकास होती, खोटं कशाला सांगू. दोन तास झाले नाहीत तोवर उलट्या आणि जुलाब असे सुरू झाले की मोरीतनं उठायचं त्राण राहिलं नाही, धाकट्या भावानं जीपमध्ये घालून नेलं, सलाईनवर दोन दिवस काढले. डॉक्टरनं विचारलं काय खाल्लं, मी म्हटलं अळंबी, तर तो म्हणाला कसली, आणि मला सांगता येईना कारण सगळ्या शिजवून खाल्ल्या होत्या, एक पण मागं ठेवली नव्हती. आत्ती दवाखान्यात बघायला आली, माझी ही दशा, आणि ती एवढंच म्हणाली, "वारूळ नाही, मूळ नाही, मग अळंबी कशावरनं म्हटलास रं?" त्या दिवसापासनं घरात ओळखीची अळंबी शिजवली तरी एक कच्ची कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवतोच, दोन दिवस.

उलटी लवकर झाली हे माझं नशीब. उलटं वाटेल पण खरं आहे, खाल्ल्यावर एक-दोन तासांत पोट ढवळलं तर माणूस हैराण होतो पण बहुतेक वाचतो. भीती त्याची धरायची ज्यात सहा तास, बारा तास काहीच होत नाही, माणूस झोपून उठतो आणि मग सुरू होतं. अमॅनिटा जातीतल्या काही छत्र्यांचं विष असं आहे. ते शिजवून जात नाही, वाळवून जात नाही. उलट्या-जुलाब एक दिवस चालतात, मग दुसऱ्या दिवशी बरं वाटायला लागतं, घरचे म्हणतात उतरलं, आणि आत लिव्हर चाललेलं असतं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून छत्री खाल्ल्यावर उशिरा त्रास सुरू झाला तर घरगुती काढे, मिठाचं पाणी पाजून उलटी काढणं असले उद्योग न करता थेट सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचं मोठं सरकारी हॉस्पिटल, किंवा जे मोठं हॉस्पिटल जवळ असेल ते गाठायचं आणि सोबत उरलेली छत्री, नाहीतर निवडताना टाकलेलं देठ-साल जे काय असेल ते कागदाच्या पिशवीत घालून न्यायचं. ज्यांनी ज्यांनी खाल्लंय त्या सगळ्यांना न्यायचं, ज्याला त्रास होत नाही त्याला पण.

आणि ते चांदीचं नाणं टाकून काळं पडतं का बघणं, लसूण काळी पडली तर विषारी, किडा लागलाय म्हणजे खाण्याजोगी, गाईनं खाल्ली म्हणजे चालतंय, हे सगळं गावोगाव सांगतात आणि एकातही तथ्य नाही. गोगलगाय विषारी छत्री मजेत खाते, तिचं पोट वेगळं.

मग खायची कुठली? माझं मत विचारशील तर आपल्या भागात नवशिक्यानं एकच शिकायची, वारुळाची अळंबी, आणि ती पण दोन पावसाळे नुसती बघायची. हिला वाळवी पाळते. म्हणजे वाळवी खरोखरच शेती करते, काटक्या-पाला चावून आणून जमिनीखाली त्याचा स्पंजासारखा पोळा बांधते, त्यावर ही बुरशी वाढवते आणि तिचे पांढरे कण खाते. पाऊस लागला की त्याच पोळ्यातनं अळंबी जमीन फोडून वर येते. शास्त्रात हिला टर्मिटोमायसिस म्हणतात, रॉजे हाइम नावाच्या फ्रेंच माणसानं १९४२ साली हे नाव दिलं, आपल्या आज्ज्यांना त्याच्या कितीतरी आधीपासनं माहीत होतं की हिचं घर वारूळ. वाळवीशिवाय ती फळत नाही म्हणून बटण मशरूमसारखी शेडमध्ये पिकवून पॅकेटमधनं मिळत नाही, जी काही मिळते ती रानातलीच. गंमत अशी की वर वारूळ दिसेलच असं नाही, खालचं घर जमिनीच्या पोटात असतं आणि वर सपाट बांध किंवा भुईमुगाचं रान असतं.

ओळखायची खूण वर कमी आणि खाली जास्त आहे. छत्रीच्या मधोमध कडक टोक असतं, बोटाला टोचल्यासारखं लागतं, माती फोडून यायला ते टोक. पडदे पांढरे आणि वय झालं की गुलाबी छटा, कागदावर पूड पण फिकट गुलाबी पडते. बुडाला वाटी नसते, अमॅनिटाला असते. आणि मूळ. हे एकदा स्वतः बघायलाच पाहिजे, म्हणून सांगतो कसं बघायचं. देठाला हिसका द्यायचा नाही, तुटतो. खुरप्यानं देठापासनं चार बोटं लांबनं माती उकरत जायचं, जमिनीत गेल्यावर देठ संपत नाही, बारीक होत होत काळपट सालीचा सरळ खाली जातो, वीतभर, कधी हातभर, ओल्या मातीत गाजराचं मूळ खोल जावं तसा. माती बाजूला करताना मधेच भुसभुशीत लागते, वाळव्या सैरावैरा पळायला लागतात आणि तपकिरी, मेंदूसारखा सुरकुतलेला पोळ्याचा तुकडा दिसतो. इथं थांबायचं. माती परत लोटायची, हातानं दाबायची. एकाच अळंबीचं मूळ असं शोधायचं, बाकीच्या जमिनीलगत हलक्या हातानं काढायच्या, कारण घर मोडलं तर पुढच्या वर्षी तिथं काही येणार नाही आणि नाही मोडलं तर त्याच हातभर जागेत वर्षानुवर्षं येत राहते. आमच्या बांधावरची एक जागा मी शाळेत असल्यापासनं बघतोय. ती कुठं आहे ते तुला सांगणार नाही, सख्ख्या भावाला पण सांगितलेली नाही.

वेळ म्हणशील तर आषाढातल्या तरण्या-म्हाताऱ्या पावसात, म्हणजे पुनर्वसू-पुष्य, जुलैचा पहिला आठवडा ते ऑगस्टची सुरुवात. सलग झड लागते, मग एक-दोन दिवस उघडतं, उकडतं, तेव्हा पहाटे जायचं. दुपारपर्यंत छत्री उमलून लोळते आणि किडे पडतात. आणि ह्या सगळ्या खुणा एकत्र जुळल्या पाहिजेत, टोक आहे पण मूळ नाही, मूळ आहे पण बुडाला वाटीसारखं काहीतरी आहे, गुलाबी पूड आहे पण वाळवी नाही, असं काहीही अर्धवट असेल तर सोडून यायचं. गुलाबी पूड पाडणाऱ्या विषारी जाती पण आहेत.

अळंबीवर एवढं लिहिलं कारण जीव तिथं जातो. पण तुला खरं शिकायचंय ते भाज्यांनी सुरू कर, आणि इथं माझी पद्धत जरा वेगळी आहे. लोक पन्नास भाज्यांची यादी घेऊन फिरतात. तू एकच बांध धर. ओळखीच्या कुणाचं तरी रान, शहरापासनं अर्ध्या तासावर, कळंब्याच्या पलीकडं म्हण, पन्हाळ्याच्या पायथ्याला म्हण, मालकाला विचारून, आणि मृगापासनं दिवाळीपर्यंत दर रविवारी तिथंच जा. पहिल्या पावसानंतर जे दोन पानांचं उगवलंय ते चार आठवड्यांनी काय झालं, फूल कसलं आलं, शेंग कसली धरली, हे डोळ्यादेखत बघितलंस की पुढच्या वर्षी ते झाड दोन पानांवर ओळखता येतं. भाजी खायची असते कोवळी, आणि पुस्तकात फोटो असतो फुलाचा. सगळी गडबड तिथंच आहे. बीपासनं फुलापर्यंत एकदा बघितलेल्या चार भाज्या फोटोवरनं पाठ केलेल्या चाळीसपेक्षा जास्त पोट भरतात.

टाकळा घे पहिला. मृगात बांधावर, रस्त्याकडेला हिरवा गालिचा होतो, पानाला गोलसर टोकाच्या तीन जोड्या पानोळ्या, संध्याकाळी मिटून घेतो. त्याचा भाऊबंद कासविंदा, त्याला चार-पाच जोड्या आणि टोकदार पानं, चुरगळलं की उग्र वास. त्याच्या बिया लहान पोरांच्या पोटात गेल्या तर फार वाईट होतं, म्हणून घरात पोरं असतील तर हा फरक त्यांना पण शिकवायचा. मग कुर्डू, कोवळी पानं, पुढं पांढऱ्या-गुलाबी तुऱ्यावर येतो तेव्हा सगळ्यांनाच ओळखू येतो पण तोवर भाजी संपलेली असते. घोळ सोपी, लाल देठ, जाड मांसल पान, पण तिच्याच शेजारी जमिनीला चिकटून दुधी नावाचं तण असतं, लांबनं बघितलं तर बहीणच. देठ मोडायचा, पांढरा चीक आला की टाकून द्यायचा, घोळीला चीक नसतो, नुसतं पाणी. तांदुळजात लोक एक चूक करतात, मूठभर खुडताना मधे धोतऱ्याचं कोवळं रोप येतं. पोरवयात दोन्हीकडं नुसती हिरवी पानंच, खुडणाऱ्याचं लक्ष नसलं की गेलं. धोतरा पोटात गेला की तोंड कोरडं, बाहुल्या मोठ्या, माणूस बरळायला लागतो. म्हणून मूठ भरून ओरबाडायचं नाही, एक एक शेंडा बघून खुडायचा. खुडायचा म्हणजे खुडायचाच, उपटायचा नाही, आठ दिवसांत परत फुटतो.

फोडशी मात्र पहिल्या वर्षी नको. घाटाखाली कुली म्हणतात ती. पहिल्या पावसात जमिनीतनं लांब हिरव्या पात्यांचा झुबका येतो, बुडाला पांढरा, भाजी इतकी भारी की हरभरा डाळ घालून केलेली आम्ही भाकरीशिवाय खायचो. पण त्याच आठवड्यात, त्याच उतारावर कळलावी उगवते, रानकांदा उगवतो, आणि पहिले आठ-दहा दिवस सगळी नुसती हिरवी पाती असतात. कळलावीचं पान दांड्यावर असतं आणि मोठं झालं की पानाचं टोक वेलासारखं वळतं, फोडशीची पाती थेट जमिनीतनं, पण कोंब चार बोटं असताना हे वळण नसतं. कळलावीच्या कंदात कोल्चिसिन असतं, ते विष अंगातलं काहीच सोडत नाही, पोटापासनं रक्तापर्यंत सगळं बिघडवतं. रानकांद्याचं विष हृदयावर जातं. आत्ती फोडशी कशी आणायची माहीत आहे का, आदल्या वर्षी जिथं पांढरी फुलं बघितलेली असायची त्याच जागेवरनं. नवीन जागेवर फोडशी दिसली तर त्या वर्षी नुसती बघून यायची, फुलू द्यायची, पुढच्या वर्षी खायची. हे धोरण मी सगळ्याच कंदवाल्यांना लावतो.

खाज सुटणाऱ्या भाज्या, म्हणजे रानातलं तेरं, शेवळं, रानसुरण, ह्या विषारी नाहीत पण नीट केल्या नाहीत तर घसा धरतात. सुईसारखे बारीक स्फटिक असतात त्यात, ते टोचतात. म्हणून चिंच, कोकम, आंबाडी असलं काहीतरी आंबट घालून भरपूर शिजवायचं, शेवळाला काकडाची फळं घालतात. आमच्याकडं एकदा पाहुण्यांना तेऱ्याचं फदफदं घाईत वाढलं आणि पाहुणे जेवताना एकाएकी गप्प झाले, तेव्हा कळलं. बांबूचा कोंब पण कच्चा खायचा नाही, बारीक चिरून पाण्यात ठेवायचा, पाणी बदलायचं, मग उकळून ते पाणी ओतून द्यायचं, त्यात सायनाइड तयार करणारा घटक असतो आणि तो असा निघून जातो. भारंगी कडू म्हणून उकडून पिळून घेतात, तू महोत्सवात खाल्लीस ती तशीच केलेली असणार. मूतखड्याचा त्रास असेल तर घोळ, तांदुळजा रोज रोज नको.

आता दुकानदारीचा विषय. आपल्या जिल्ह्यात ऊस कुठं नाही ते सांगायचं, आणि उसात तणनाशक आलंच. लागणीनंतर अॅट्राझीन, मेट्रिब्युझीन, मग टू-फोर-डी, आणि बांध साफ ठेवायला ग्लायफोसेट. टू-फोर-डी मारलेलं ओळखता येतं, एक-दोन दिवसांत रुंद पानाच्या तणाच्या माना पिळवटतात, शेंडे वळतात. ग्लायफोसेट मात्र फसवं आहे, मारल्यावर आठवडाभर झाड हिरवंगार दिसत राहतं, मग पिवळं पडतं. म्हणजे तू शुक्रवारी मारलेल्या बांधावरनं रविवारी टवटवीत घोळ खुडून आणू शकतोस आणि तुला पत्ता लागणार नाही. ते औषध पानाच्या आत गेलेलं असतं, मिठाच्या पाण्यात धुवून निघत नाही. मी दुकानात किती जणांना सांगितलं असेल की फवारलंय तिथं निदान काठीला फडकं बांधा, कोण बांधतंय. म्हणून ओळखीच्या मालकाचा एकच बांध असं जे म्हटलं त्याचं अर्धं कारण हे आहे, फोन करून विचारता येतं, काका औषध कधी मारलं होतं. जयंती नाल्याच्या काठचं अळू, पंचगंगेच्या पुराचं पाणी उतरल्यावर मळीत आलेली हिरवीगार घोळ, हायवेच्या कडेचा टाकळा, हे पण नको, कितीही माजलेलं असलं तरी.

मसाई पठारावर परत जाशील, जरूर जा, पण पिशवी घरी ठेवून. ती जांभ्याची पठारं आहेत, माती वीतभर पण नाही, त्यात जे उगवतं त्यातलं बरंच सह्याद्रीच्या बाहेर कुठं नाही. कंदीलपुष्पाचे कंद गुराखी पोरं खणून खायची, आम्ही पण खाल्लेत, गोडसर लागतात, तेव्हा अक्कल नव्हती. त्यातल्या काही जाती आता मोजक्या जागी उरल्यात आणि शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्रवाल्यांनी त्या जपायला आयुष्यं घातलीत. कंद काढला की झाड गेलं, एवढा साधा हिशोब आहे. करटुल्याचं पण तसंच, नर वेल वेगळा मादी वेल वेगळा, फळ खायचं, कंदाला हात नाही. राधानगरी, दाजीपूर तर अभयारण्यच आहे, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तिथनं पान सुद्धा उचलायचं नाही, वर गव्याची गाठ पडली तर वेगळंच. तिथल्या गावातल्या लोकांचे २००६ च्या वनहक्क कायद्याखाली हक्क आहेत ते त्यांचे, आपण शहरातनं गाडी घेऊन जाऊन त्यांच्या भाजीवर हात मारायचा नाही.

आणि बायको म्हणते ते अगदीच चूक नाही बरं का. मार्केटात सकाळी लवकर गेलास की घाटाकडच्या मावश्या कोपऱ्यात पोतं टाकून बसलेल्या असतात, पळसाच्या पानात करवंदं, पावसात अळंबी, करटुली, टाकळ्याचे वाटे. त्यांच्याशी घासाघीस करू नको. एक वाटा घ्यायचा आणि विचारायचं, मावशी ही निवडायची कशी, कोवळी कुठली, ह्याच्यासारखी दिसणारी दुसरी कुठली असते का. ह्या शेवटच्या प्रश्नाला त्या हमखास खुलतात. घरी नेऊन एक काडी वहीत दाबून ठेव, नाव-तारीख लिही, पुढच्या रविवारी आपल्या बांधावर तीच शोध. अॅप वापरायचंच तर असं वापर, ओळख पटल्यावर शास्त्रीय नाव शोधायला. गावोगाव मराठी नावं इतकी बदलतात की आमच्याकडचं एक आणि आजऱ्या-चंदगडकडचं दुसरंच, शास्त्रीय नावानं निदान आपण एकाच झाडाबद्दल भांडतोय हे कळतं.

पहिला टाकळा आणशील तेव्हा कोवळे शेंडेच घे, तीन-चार पाण्यानं धू, चिरून जरा उकडून पिळून घे, मग तेलात लसूण भरपूर, कांदा, हिरवी मिरची, भिजवलेली मूगडाळ, झाकण न ठेवता परतायचं, वरनं ओलं खोबरं. कांदा-लसूण चटणी ह्या भाजीत घालू नये असं माझं मत आहे, घरात कुणी ऐकत नाही. पहिल्यांदा कुठलीही नवीन भाजी दोन-तीन घासच खायची, बाकी दुसऱ्या दिवशी. अळंबी जेव्हा केव्हा खाण्याच्या वेळेपर्यंत पोहोचशील तेव्हा त्याच दिवशी साफ करून, पूर्ण शिजवून, सुकं खोबरं भाजून वाटणाचा रस्सा कर, श्रावणात मटण चुकल्यासारखं वाटत नाही.

आज रात्री त्या फ्रिजमधल्या छत्रीवर वाटी पालथी घाल, पोरांचा हात पुरणार नाही अशा ठिकाणी. सकाळी बघून सगळ्या खड्ड्यात पुरून टाक, आणि कागदावर कुठला रंग उमटला तेवढं कळव, मला हिरवा वाटतोय.